पडीची मोसंबी

जिवली मूळची नांदखेड्याची नव्हे. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, जिथून शेवटची एस.टी. माघारी वळते त्याच्याही पुढे दोन कोस तिचं माहेर. तिचा नवरा दिवल्या गिरणाकाठी गिरधर नानांच्या मळ्यात सालदार लागला, तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची असेल. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं. एक आखाजी गेली, दुसरी गेली, करता करता चौदा झाल्या, तरी ही दोघं आपली मळ्यातल्या खोपीतच. दिवल्या नाकासमोर चालणारा गडी. दिवसाला चार वाक्यं बोलला की त्याला धाप लागायची. त्याच्या वाटचंही जिवली बोलायची, त्यामुळे संसाराची एकूण बेरीज बरोबर येत होती.

पहिल्याच वर्षी माहेराहून परतताना तिने ओल्या फडक्यात गुंडाळून गुळवेलीची एक कांडी आणली आणि मळ्याच्या कुंपणाजवळच्या कडुलिंबावर टांगली. गुळवेलीला मातीचं कौतुक नसतं. टांगली तरी ती जगते, वरून सुतळीसारखी मुळं खाली सोडते आणि आपली जमीन आपण शोधते. चार पावसाळ्यांत तिने लिंब झाकला, मग कुंपण झाकलं. गावात कोणाला ताप आला, कोणाचं अंग मोडून आलं, की बायका मळ्याकडे यायच्या. जिवली वीतभर कांडी तोडून द्यायची आणि काढा कसा करायचा ते प्रत्येकीला नव्याने सांगायची. खुद्द नानांच्या लताबाईंनी एका भादव्यात एकवीस दिवस तिच्या हातचा काढा घेतला होता. तेव्हापासून गावात तिला वेलवालीच म्हणत. परक्या गावात माणसाला नाव मिळणं सोपं नसतं. जिवलीला ते नाव मनापासून आवडायचं, हे ती कोणाला सांगत नसे एवढंच.

त्या मळ्यात पहिल्यापासून एक रिवाज होता. झाडावरची मोसंबी मालकाची, पडलेली सालदारणीची. रोज सकाळी जिवली पाटी घेऊन बागेत फिरायची, पड वेचायची आणि मंगळवारच्या बाजारात एस.टी. थांब्याजवळ बसून विकायची. वेचता वेचता तिला फळाची भाषाच कळायला लागली होती. पोपटाची टोच ओबडधोबड असते. खार साल कुरतडून वाटीएवढं भोक पाडते. माशीने नासवलेलं फळ फोडलं की आत अळ्या वळवळतात. फळ हातात घेतलं की कोणी पाडलं हे ती बघता बघता सांगायची. एखादीने दिवल्याला गमतीने विचारलं, "का रे, तुले बी असंच वयखस का?" तर तो नुसता हसायचा.

अठ्ठ्याऐंशी साली पोळा झाला आणि पड वाढली. नुसती वाढली नाही, वेगळी पडायला लागली. फळ बाहेरून धड, फक्त एका जागी सुई टोचावी एवढं भोक. त्याभोवती रुपयाएवढी जागा मऊ. अंगठ्याने दाबलं की भोकातून रसाची चिळकांडी उडायची. अळी नाही, चोच नाही, दात नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा जिवलीला फळाची भाषा कळेना. ती बुचकळ्यात पडली, पण पाटी भरत होती म्हणून उचलत राहिली.

पाटी भरत होती हेच लताबाईंच्या डोळ्यांवर आलं. लताबाई मनाच्या वाईट नव्हेत. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हा त्यांचा जन्माचा खाक्या. त्यात जिवलीच्या अंबाड्यात बाभळीचा बोटभर काटा खोचलेला असायचा. पायात मोडलेला काटा काढायला तो लागतो. तिच्या माहेरच्या बायकांच्या डोक्यात एक वेळ फूल नसेल, काटा असतोच. इतकी वर्षं तो काटा लताबाईंनी रोज पाहिला होता. त्या सकाळी मात्र तो त्यांना निराळाच दिसला.

निंदणीला आलेल्या दहा-बारा बाया बांधावर भाकरी सोडत होत्या. जिवली पाटी घेऊन तिथून चालली होती.

"जिवले, पाटी आजकाल बरी भरस व तुनी!" लताबाई म्हणाल्या.

"पड जास्ती शे अक्का यंदा."

"पड जास्ती शे, का पाडनारी जास्ती हुशार शे? डोकामाना काटाघाई फय टोचस, आनि मंग पडेल म्हनीसन बाजारमा इकस! माले समजत नही का?"

भाकरी सोडणारे हात थांबले. जिवलीचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला आणि तिथेच राहिला. त्या हालचालीनेच जणू तिने कबुली दिली असं तिला वाटलं आणि तिला स्वतःचाच राग आला. तिने पाटी लताबाईंच्या पुढ्यात उलटी केली. मोसंबी घरंगळत बायांच्या पायांपर्यंत गेली.

"आजपाईन पडेल फयले मी हात लावाव नही," ती म्हणाली.

संध्याकाळी खोपीत दिवल्याने दिवसातलं एकुलतं वाक्य खर्च केलं. "चाल, घर जाऊ."

"चोर व्हईसन जाऊ का?" जिवली कडाडली. "आखाजीले जाऊ. पन आते नही."

 दिवल्यालाही ते पटलं होतं. माणूस सालाच्या मधेच निघून गेला की मागे फक्त बोलणं उरतं, आणि ते दुसऱ्यांचं असतं. पुढल्या गावी काम मागायला जाल तर ते बोलणं तुमच्या आधी तिथे पोचलेलं असतं.

आठ दिवस जिवलीने बागेत पाऊल टाकलं नाही. पडलेली फळं जागच्या जागी कुजू लागली, आंबूस वास खोपीपर्यंत यायला लागला, आणि पड कमी व्हायची सोडून दुप्पट झाली. गिरधर नाना मवाळ माणूस, बायकोपुढे सहसा तोंड उघडायचे नाहीत. पण फळं मोजून नाही तरी बघून त्यांना कळत होतं.

"ती ते आठ दिन बागमा गयी नही. मंग टोचस कोन?" त्यांनी विचारलं.

"रातले जात व्हई!" लताबाईंनी खोपीपर्यंत पोचेल असं तयार उत्तर दिलं. संशयाचं असंच असतं. पुरावा नसला की तो आणखी गुटगुटीत होतो.

शेवटी नानांनी कृषी सहाय्यक लीलाधर साहेबांना बोलावलं. साहेब म्हणजे तिशीचा, चष्मेवाला, लुनावर फिरणारा माणूस. धुळ्याच्या शेतकी कॉलेजात शिकलेला. त्याने एक फळ उचललं, दाबलं, आणि चिळकांडी थेट चष्म्यावर घेतली.

"हे माणसाचं काम वाटत नाही," चष्मा पुसत तो म्हणाला. "रस शोषणारा पतंग असावा. पण नाना, पतंग हातात आल्याशिवाय मी तसं छातीठोक सांगणार नाही. आपण बत्ती लावू."

बागेच्या मधोमध पेट्रोमॅक्स टांगली, खाली घमेल्यात पाणी आणि त्यावर रॉकेल. पतंग उजेडावर झेपावतो आणि खाली पडतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. सकाळी घमेलं काठोकाठ भरलेलं. साहेबाने वर्तमानपत्र पसरलं आणि चिमट्याने एकेक पतंग मांडायला घेतला. लताबाई पदर खोचून समोर बसल्या. जिवली लांब, लिंबाखाली उभी राहिली. तिचा खटला चालला होता आणि साक्षीदार सगळे मेलेले.

साहेबाला शिकवायची हौस होती. "हा बघा, पुढच्या पंखावर घेवड्याच्या बीसारखा डाग. हा कपाशीच्या हिरव्या बोंडअळीचा पतंग. याच्या पंखावर पांढऱ्या रेघांचं जाळं आहे, याची अळी तंबाखूची आणि एरंडीची पानं खाते. आणि हा पांढरट, मधे हिरवा पट्टा, हा भेंडीत असतो." असे साठ-सत्तर पतंग झाले. मग त्याने पिशवीतून एक पुस्तिका काढली आणि चित्र उघडलं. "आपल्याला हवा तो असा. चांगला मोठा. वरचे पंख वाळक्या पानासारखे, बसला तर पानच वाटेल. पण खालचे पंख केशरी, त्यावर काळा गोल ठिपका आणि काळी किनार."

चित्र बघायला जिवली दोन पावलं पुढे आली. मग तिथेच थबकली.

"मंग यामा तो शे का?" लताबाईंनी विचारलं.

साहेबाने घमेलं पुन्हा ढवळलं. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "नाही. एकही नाही."

"दखा!" लताबाई उठल्या. बत्तीने जिवलीची उरलीसुरली अब्रूही जाळली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती अशी दिवसाढवळ्या देतात.

पण जिवलीच्या मनात आता वेगळंच चाललं होतं. तो पतंग तिच्या ओळखीचा होता. लहानपणी माहेरी गुळवेलीवर एक मखमली काळी अळी असायची, अंगावर दोन-दोन मोठे डोळे काढलेली. बोट लावलं की डोकं खाली दुमडायची आणि शेपूट वर करायची. पोरं तिला डोयावाली म्हणत आणि घाबरत. ती पानं गुंडाळून आत झोपायची. एकदा जिवलीने तसं पान डब्यात ठेवलं होतं. काही दिवसांनी झाकण उघडलं तर एक वाळकं पान उडालं आणि त्या पानाच्या पोटात पळसाचं फूल दिसलं. ती डोयावाली तिच्या इथल्या वेलीवरही दर पावसाळ्यात येत होती. जिवलीने ती कधी मारली नव्हती. खाऊन खाऊन किती खाईल, म्हणायची. पाल्याला काय तोटा!

म्हणजे चोर तिच्याच घरी जेवून मोठा होत होता.

त्या दिवशी ती वेलीपाशी बराच वेळ बसली. पान उलटलं, दुसरं उलटलं. तिसऱ्या पानामागे डोयावाली होतीच. सांगितलं तर टोचल्याचा आळ जाईल, पण गाव म्हणेल, हिच्याच वेलीने बाग खाल्ली. वेल जाईल आणि वेलीबरोबर नावही जाईल. नाही सांगितलं तर वेल राहील, पण तिला वेलवाली कोण म्हणणार? चोरटी म्हणतील. तिला रडू आलं. रडून झाल्यावर मात्र तिचं डोकं चालू लागलं. खोपीच्या दारासमोरच कुंपणावर वेल, खोपीत रोज चिमणी जळते. चौदा वर्षांत तो पतंग एकदाही चिमणीवर आला नव्हता. किडे आले, पाकोळ्या आल्या, हा कधीच नाही. म्हणजे त्याला उजेडाचं वेडच नव्हतं. अख्खं गाव त्याला उजेडात शोधत होतं आणि तो अंधारात निवांत जेवत होता.

दिवेलागणीला ती गावातल्या वाड्यावर गेली. ओसरीवर पोरींनी गुलाबाई मांडली होती, भोंडल्यासारखी गाणी चालली होती. लताबाई प्रसादाचा डबा झाकत होत्या.

"अक्का, चाल मना संगे. बॅटरी ली ले."

"कथा जावानं?"

"बागमा. तू म्हनस ना मी रातले जास? मंग चाल, दखी ले मी काय करस ते."

लताबाईंना राग आला, पण कुतूहलही आवरेना. शिवाय पोरींसमोर मागे हटायचं म्हणजे कमीपणा. त्या निघाल्या. बागेत शिरेपर्यंत झाडं काळी झाली होती. जिवलीने बॅटरी लावू दिली नाही. काही वेळ दोघी नुसत्या उभ्या राहिल्या. लताबाईंच्या अंगावर डास बसत होते आणि त्या पुटपुटत होत्या.

"आते लाव. फयवर लाव, वर नको."

बॅटरीचा झोत पानांतून फिरला. एका फळाजवळ दोन लाल ठिणग्या चमकल्या. पुढच्या फळाजवळ आणखी दोन. फांदीफांदीवर चुलीतल्या निखाऱ्यांसारखे डोळे. लताबाईंनी जिवलीचा दंड धरला.

"ओ माय! हाई काय शे व?"

"चोर," जिवली म्हणाली.

ती दबक्या पावलांनी पुढे झाली. फळावर एक वाळकं पान बसलं होतं. पानाने आपली सोंड सालीत पार आत रोवली होती आणि उजेड तोंडावर असूनही त्याचं जेवण सुटत नव्हतं. जिवलीने खोपीतून आणलेला तांब्या त्याच्यावर पालथा घातला, खालून पदर सरकवला आणि गाठ मारली. एकाचे तीन झाले. दोघी परत निघाल्या. गावातून गुलाबाईची गाणी ऐकू येत होती.

सकाळी साहेब आला. पतंग कागदावर ठेवला. पंख मिटलेले, हिरवट तपकिरी, अगदी वाळकं पान. वरचा पंख उचलायला चिमटा जाड पडत होता. साहेबाने इकडेतिकडे पाहिलं. जिवलीने अंबाड्यातला काटा काढून पुढे केला. त्या काट्याच्या टोकाने साहेबाने पंख हळूच वर सरकवला. खाली लखलखीत केशरी, मधे काळा गोल ठिपका, कडेला काळी किनार. चित्रातल्यासारखा, किंबहुना चित्राहून देखणा. मग त्याने भिंग काढून सोंड दाखवली. टोक टणक, गिरमिटासारखं, त्यावर बारीक दातरे.

"हाच," साहेब म्हणाला. "फुलपाखराची सोंड मऊ असते, मध प्यायची. याची साल भोसकायची आहे. आणि नाना, या बाईंनी रोज पड उचलली म्हणून बाग इतके दिवस वाचली. कुजक्या फळाच्या वासावर हे येतात. आठ दिवस पड तशीच राहिली आणि यांना आवतण गेलं."

नानांनी बायकोकडे पाहिलं. लताबाई जमिनीकडे बघत होत्या. इथे जिवली गप्प राहिली असती तरी चाललं असतं. आळ गेला होता, कोणी आणखी काही विचारलं नव्हतं.

"साहेब, एक सांगस," ती म्हणाली. "याची अळी मना येलवर ऱ्हास. लहानपनपाईन माले माहीत शे. पन तिना पतंग फय खास हाई माहीत नव्हतं."

साहेबाने पुस्तिका चाळली, एक ओळ वाचली आणि मान हलवली. खरं होतं. अळी गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. "मग कुंपणावरची वेल काढावी लागेल," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. नाना म्हणाले, बघू, घाई काय आहे. पण जिवली कोयता घेऊन केव्हाच निघाली होती. दिवसभर ती आणि दिवल्या वेल ओढत होते. चौदा वर्षांची वेल, तिने लिंबाला असे काही वेढे घातले होते की शेवटी दिवल्या झाडावर चढला. संध्याकाळी ढीग पेटवला. ओली वेल धड जळत नव्हती, नुसती धुमसत होती. जिवली पाठमोरी बसून होती. लताबाई ढिगापाशी आल्या, थोडा वेळ घुटमळल्या, मग तिच्याजवळ वाकल्या.

"चुकनं मन्हं, जिवले. सकायपाईन पड येचाले लाग."

"बठ्ठासमोर चोर म्हनं, अक्का. आनि चुकनं ते कानमा सांगस?"

लताबाई पदर सावरत उठल्या आणि वाड्याकडे निघाल्या. 

मंगळवार आला. जिवली मीठ-मिरची घ्यायला बाजारात गेली. एस.टी. थांब्याजवळ, तिच्या नेहमीच्या जागी, गर्दी होती. तिला वाटलं, जागा गेली वाटतं. पुढे होऊन पाहिलं तर गोणपाटावर लताबाई! नऊवारी लुगडं, नाकात नथ, पुढ्यात पडीच्या मोसंबीची पाटी. ज्या बाईने उभ्या जन्मात बाजारात कोथिंबिरीची जुडी विकली नव्हती, ती पाटलीण उन्हात बसून घामाघूम झाली होती. पाटी स्वतःच्या डोक्यावरून आणलेली, चुंबळ शेजारी पडलेली.

"अक्का, हाई काय?" एक बाई विचारत होती. ती त्या दिवशी निंदणीला होती.

"माल जिवलीना शे. मी फक्त बठेल शे," लताबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच मोठा, आज तो कामी आला. "मी तिले चोर म्हनं व्हतं. तुनासमोर म्हनं ना? चोर हाऊ व्हता." त्यांनी पत्र्याची डबी उघडली. आत तो पतंग, पंख पसरलेला, केशरी. सकाळपासून तिसाव्यांदा तरी ती उघडली असेल. पंखाचा एक कोपरा झडला होता.

 जिवली पुढे झाली, गोणपाटाच्या कडेला बसली आणि सवयीने पाटीत हात घातला.

"हाई कसाले ठेयेल शे? दाबेल शे," तिने एक फळ काढून बाजूला टाकलं. मग दुसरं. "हाई बी. अक्का, असा माल इकशी ते लोके तुले चोर म्हनतीन."

लताबाई हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. तेवढ्यात कडेवर पोर घेतलेली एक बाई जवळ आली. पोराचं अंग तापलेलं, डोळे मिटलेले. "वेलवाली, एक कांडी दे ना."

जिवलीने मान खाली घातली. "येल ऱ्हायनी नही माय. जायी टाकी."

"घर ये मना," लताबाई त्या बाईला म्हणाल्या. मग जिवलीकडे न बघता पुढे बोलल्या, "एक कांडी काढी लिन्ही व्हती मी. जायाना पहिले. वाडाना निंबवर टांगेल शे. मुया फुटी ऱ्हायन्या तिले."

 जिवलीने हातातलं फळ दोनदा उलटसुलट केलं.

"वाडा मयापाईन दूर शे, पन पतंगले पख शेतस," ती शेवटी म्हणाली. "दर मंगयवारले मी पाने दखाले येसु. डोयावाली दिसनी का काढनी पडी."

"ये ना. चहा ठेवसु," लताबाई म्हणाल्या, आणि दोघी पाटी निवडायला लागल्या.